अक्षता

सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या गर्दीत आईचा गुडघा पुन्हा दुखावेल म्हणून बंगळूरच्या राजशेखरनं व्हीआर चष्मा पाठवला. सावित्रम्मांनी तो डोळ्यांवर चढवला. सिद्धेश्वरांच्या लग्नाचा गेल्या वर्षीचा सोहळा समोर उभा राहिला. सवयीनं त्यांनी मूठभर अक्षता उधळल्या. त्या दिवाणखान्याच्या फरशीवर पडल्या. कोपऱ्यातलं सफाईयंत्र आपणहून जागं झालं आणि कचरा समजून अक्षता गिळू लागलं. सावित्रम्मांनी चष्मा काढला, यंत्र पालथं घातलं, ताटलीतल्या अक्षता पदरात बांधल्या आणि दार उघडलं. भिंतीवरचा स्पीकर मुलाच्या आवाजात बोलला, “अव्वा, दार का उघडलंस? चष्म्यात सगळं दिसतंय की!” “दिसतंय. पण तितं कुणी धक्का देत न्हाय.” “पडशील!” “उचलायला अख्खं सोलापूर हाय.” “थांब, इथूनच कुलूप लावतो.” “लाव की.” त्या दार सताड उघडं टाकून निघाल्या. मागे खटका पडला. कुलूप हवेत लागलं.