नाव सापडत नाही

मंगळवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्याने रॅनलिब ही कमांड चालवली. बटणावरून बोट उचलेपर्यंत काम झालंसुद्धा. लायब्ररी म्हणजे तयार फाइलींचा एक गठ्ठा. त्यात कुठलं फंक्शन, म्हणजे एकेक ठरलेलं काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, कुठे आहे, याची यादी ही कमांड नव्याने करते. प्रोग्रॅम जोडताना संगणक गठ्ठा उपसत बसत नाही, यादी बघतो. यादीत नाव नसेल तर त्याच्या लेखी ती वस्तूच नाही.

आता यादीत ताईंचं फंक्शन होतं. ताई वयाने मोठ्या, पण त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उबेत ठेवायच्या पेटीत उष्णता हद्दीबाहेर गेली, तर हीटर बंद करणारं. त्याने गठ्ठा उघडून फाइलीची तारीख पाहिली. मागच्या आठवड्यातल्या सोमवारची. ताई सांगत होत्या, तीच.

गेल्या गुरुवारी 'नाव सापडत नाही' म्हणून सगळं काम अडलं होतं. फाइल सोमवारीच दिली, असं ताई म्हणाल्या, तेव्हा दहा जणांसमोर तो त्यांना म्हणाला होता, "दिलीत, तर मग गेली कुठे? पाय फुटले?" कोणीतरी हसलं होतं. ताईंनी आपल्या संगणकात पाहिलं. फाइल तिथे होती. "दिली असं मला नुसतं वाटलं असेल," असं म्हणून त्यांनी ती पुन्हा दिली. त्याने ती घाईघाईत वेगळी जोडली आणि विषय संपवला.

यादी करायची ओळ, ही सगळी कामं आपोआप ओळीने करणाऱ्या स्क्रिप्टमधून, त्यानेच काढली होती. अर्धा सेकंद वाचावा म्हणून.

त्याने ती ओळ परत घातली. नोंदीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'. मग हात धुऊन तोही जेवायला गेला.

उद्या सांगू, असं त्याने ठरवलं होतं. बुधवारी ताईंच्या टेबलावर एक छोटी वही उघडी दिसली. 'चाचणी चालवली, ११.२०. खिडकी लावली, ११.२५. किल्ली पर्समध्ये.' तो तसाच मागे फिरला. गुरुवारी वरच्या साहेबांची बैठक होती. ते आयतंच निमित्त मिळालं.

शुक्रवारी सकाळी ताईच अर्ज घेऊन त्याच्या टेबलापाशी आल्या.

"अर्धी रजा हवी होती रे. डॉक्टरांकडे जायचंय."

"काय झालं, ताई?"

"विस्मरणाचे डॉक्टर आहेत. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. ठेवलं म्हणायची, आणि ठेवलेलं नसायचं." त्या कसनुसं हसल्या. "तुझ्यामुळे वेळेवर लक्षात तरी आलं."

त्याने पेन उचललं. अर्जावर सही करायला एक क्षण लागला असता. त्याने पेन खाली ठेवलं.

"ताई, फाइल तुम्ही दिली होतीत."

"असू दे रे. मनाला लावून घेऊ नकोस."

"दिली होतीत. सोमवारीच. माझ्याकडून यादी करायची राहिली होती. हे बघा." त्याने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ताईंनी चष्मा लावला, तारखेवर बोट ठेवलं आणि ओठांतल्या ओठांत ती वाचली. मग पुन्हा वाचली.

"म्हणजे मी विसरले नव्हते."

"नाही. मी सगळ्यांना सांगतो. आत्ता बोलावतो."

"थांब." त्यांनी चष्मा काढला. "तुला हे कधी कळलं?"

खोटं जिभेच्या टोकावर आलं होतं. आज सकाळी, एवढंच म्हणायचं होतं.

"मंगळवारी."

ताईंनी अर्जाची घडी घातली, मग तिची आणखी एक घडी.

"नातीला शाळेतून मी आणते. आणायचे," त्या म्हणाल्या. "वाटेत ती माझा हात धरून दिवसभराचं सगळं सांगायची. बुधवारी मीच सुनेला म्हटलं, यापुढे पोरीला माझ्याबरोबर पाठवू नकोस."