जावेचा शेरा

"तपासणीला माझी थोरली जाऊ आहे," धाकटी म्हणाली आणि तक्रारीचा कागद मॅनेजरच्या पुढ्यात सरकवला. "घरचा राग ती माझ्या कामावर काढते."

थोरली शेजारीच उभी होती. तिनं मानही वळवली नाही.

विमानांचे पंख जोडणाऱ्या त्या कारखान्यात थोरली बारा वर्षं निरीक्षक होती. धाकटी तेव्हा घरी शिवणकाम करायची. आपणही कारखान्यात जाणार, असं तिनं सांगितलं तेव्हा थोरली सगळ्यांदेखत म्हणाली होती, "विमान म्हणजे उशीचा अभ्रा नव्हे. उसवलं तर पुन्हा टाके घालता येत नाहीत." धाकटीच्या ते जिव्हारी लागलं. कुणाचा वशिला न लावता तिनं परीक्षा दिली, वर्षभराचं प्रशिक्षण घेतलं आणि पत्रे जोडणारे रिव्हेट, म्हणजे धातूचे खिळे, मारायचा परवाना मिळवला. तेव्हापासून दोघींत अबोला. ओटा एकच, पण मीठ मागायचं तेही सासूबाईंच्या तोंडून. कारखान्याच्या बसमध्ये एक पुढच्या दारानं चढायची, दुसरी मागच्या.

आणि आता महिन्याभरात धाकटीचे तीन पत्रे नापास झाले होते. तिन्ही अहवालांवर थोरलीची सही; त्यांच्या प्रती धाकटीनं 'नापास' दिसताच फेकून दिल्या होत्या. तीन नापास झाले की परवाना रद्द, रवानगी पॅकिंगला. असा नियमच होता.

मॅनेजरनं दुसऱ्या शेडमधल्या निरीक्षकाला बोलावलं. तिसरा पत्रा त्याच्यापुढे ठेवला, पण तो कुणाचा ते सांगितलं नाही. त्यानं रिव्हेटच्या डोक्यांना मापाचा गेज लावला, टॉर्च तिरका धरून एकेक रांग पाहिली.

"सगळं मापात आहे," तो म्हणाला. "मी पास केला असता."

मॅनेजर थोरलीकडे वळला. "चौकशी होईपर्यंत तुम्ही तपासणीवर नको."

थोरलीनं खिशातून आपला शिक्का काढला आणि टेबलावर ठेवला. हा क्षण आला की काळजाला गारवा मिळेल, असं धाकटीला वाटायचं. मिळालाही.

"कारागीर म्हणून तुम्हीही एकदा पाहून पासच्या कागदावर सही करा," मॅनेजर धाकटीला म्हणाला.

तिनं सवयीनं रांगेवरून बोट फिरवलं. नवव्या रिव्हेटच्या कडेला नख अडलं. तिनं पुन्हा फिरवलं. पुन्हा अडलं. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. आजूबाजूला कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

पेन तिच्या हातात होतं. सही केली तर परवाना वाचत होता. जावेचं नाक कापलं जात होतं. आणि पत्रा पंखात जात होता.

तिनं पेन खाली ठेवलं. "साहेब, इथे भेग आहे."

भेग खरी आहे का ते पाहायला तिथे लाल रंग लावून पुसला, वर पांढरी पूड फवारली. सगळे वाट बघत उभे राहिले. हळूहळू त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली. दुसरा निरीक्षक आपल्या गेजशी चाळा करू लागला.

"म्हणजे तिसराही नापासच," मॅनेजर म्हणाला. "तक्रार मागे घेताय?"

"घेते. पण आमचं मिटलं असं समजू नका."

परवाना रद्द करायचा तर तिन्ही अहवालांचे क्रमांक लिहायला हवे होते. मॅनेजरनं ते पहिल्यांदाच फाईलमधून काढले. एरवी त्याच्याकडे नुसती पास-नापासची यादी यायची. पहिला अहवाल तो खालपर्यंत वाचत गेला. मग दुसरा. मग तिसरा. त्यानं ते धाकटीपुढे फिरवून ठेवले.

तिन्हींच्या तळाशी, शेऱ्याच्या रकान्यात, थोरलीच्या ताठ अक्षरात तेच लिहिलेलं होतं. 'भेग मूळ पत्र्यात. पत्र्यांचा पूर्ण लॉट परत पाठवावा. रिव्हेटचं काम चोख आहे. कारागिराच्या नावावर नापास धरू नये.'

"हे बोलायचं नाही का तुम्ही?" मॅनेजरनं थोरलीला विचारलं.

"लिहिलं होतं."

तिनं शिक्का उचलून खिशात टाकला. दारापर्यंत गेली आणि थांबली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती धाकटीशी बोलली, तेही पाठमोरी.

"नापास दिसलं की कागद चुरगळून टाकतेस. शेवटपर्यंत वाचायला शीक."