उजवी बाजू

होम थिएटरचा रिसीव्हर बाबांच्याच पसंतीचा हवा म्हणून मुलाने त्यांना दुकानातल्या मधल्या खुर्चीत बसवलं. सेल्समनने बटण दाबताच सात स्पीकरमधून हेलिकॉप्टर खोलीभर घिरट्या घालू लागलं. "आवाज कुठून आला, काका?" बाबांनी उजवीकडे बोट दाखवलं. रिसीव्हर तीनदा बदलला, तरी बोट उजवीकडेच. डावीकडे बसलेला मुलगा वैतागला. "बाबा, लक्ष कुठंय तुमचं? तुमच्यासाठीच एवढा आटापिटा करतोय!" बाबांनी मान डोलावली. उजवीकडे बसलेल्या आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वॅट, वायरी, स्पीकर तोंडपाठ, आणि बापाचा डावा कान कारखान्याच्या खडखडाटात गेला त्याचा पत्ता नाही? जेवताना, फिरताना मी बारा वर्षं उजवीकडेच का असते, कधी विचारलंस?" मुलगा पुटपुटला, "सांगायचं नाही का, बाबा?" बाबांनी पुन्हा मान डोलावली. "अजूनही डावीकडूनच विचारतोयस?" आई कडाडली. "ऊठ तिथून!"