धुराड्याची झडप

"जोर लाव जरा," आई म्हणाली. "घासतेयस की गोंजारतेयस?"

मुलगी स्टुलावर उभी राहून फायरप्लेसच्या वरच्या विटांवरचा काजळीचा डाग घासत होती. ओल्या सोड्याचा लगदा थापायचा, थोडा वेळ ठेवायचा, मग ब्रश फिरवायचा. काळे ओघळ तिच्या कोपरापर्यंत आले होते. मुलगा बादलीतलं पाणी बदलून आला आणि म्हणाला, राहू दे ना गं आई, घर विकलंय, आता तो डाग घेणाऱ्यांचा.

डाग बाबांचा होता. हिवाळ्यातली पहिली लाकडं पेटवायचा मान त्यांचा, आणि धुराड्याची झडप उघडायला ते दर वर्षी हमखास विसरायचे. खोलीभर धूर व्हायचा. मुलं खोकत, हसत अंगणात पळायची, बाबा त्यांच्या मागोमाग. आई तेवढी नाकाशी टॉवेल धरून आत घुसायची आणि झडप उघडायची. मग आठवडाभर बाबांचा उद्धार चालायचा. तेच खरे सुखाचे दिवस होते, पण तेव्हा कुणाला कळतंय. बाबा गेले, डाग राहिला.

मुलांना तो जायला नको होता. मुलीने तसं बोलूनही दाखवलं.

आई विटांकडेच बघत होती. "मी त्यांना वाट्टेल ते बोलले. माझं माणूस होतं. परक्यांनी का हसावं त्यांना?"

यावर दोघंही पुन्हा कामाला लागली. विटा ओल्या होत्या तोवर लालचुटुक दिसल्या, आईचा चेहरा खुलला. तिने दोनदा मागे सरून बघूनही घेतलं. मग खिडकीतून ऊन आलं, विटा सुकत गेल्या, आणि डाग हळूहळू पुन्हा वर आला. थोडा फिका, पण तोच. मुलीने परत ब्रश उचलला, तेवढ्यात बेल वाजली.

घर घेतलेलं तरुण जोडपं किल्ल्या न्यायला आलं होतं. माणसं चांगली होती, चपला बाहेर काढून आत आली. खोली बघत बघत नवरा फायरप्लेसपाशी थांबला, मान वर करून डाग न्याहाळला आणि बायकोकडे बघून हसला.

"झडप न उघडताच पेटवायचं वाटतं कुणीतरी?"

मुलगा काहीतरी सारवासारव करायला गेला. आईने त्याला हाताने थांबवलं आणि ओले हात पुसत पुढे आली.

"मीच," ती म्हणाली. "जन्माची वेंधळी मी. आमचे हे बिचारे दर वेळी नाकाशी टॉवेल धरून आत धावायचे."