कोच स्ट्रंकची सही

छोट्या लीगमधल्या फुटबॉल खेळाडूंची सही केलेली कार्डं जमवण्यात डेलबर्ट शेजारच्या लाइलच्या तसूभरही मागे नव्हता. पण त्याच लीगमधल्या एका संघाच्या कोच स्ट्रंकचं सही केलेलं कार्ड मात्र एकट्या लाइलकडे होतं, आणि त्यावरून डेलबर्टचा नुसता जळफळाट व्हायचा.

"हात नाही लावायचा हं, लांबूनच बघ!" लाइल मुद्दाम चिडवायचा.

शेवटी तसलंच बिनसहीचं कार्ड घेऊन डेलबर्टने ओहायोत म्हाताऱ्या कोचचं घर गाठलं. कोचने हसत सही ठोकली. 'जिरली लाइलची,' असं मनात म्हणत डेलबर्ट उठला, तर समोर भिंतीवर तेच कार्ड, सही केलेलं, फ्रेममध्ये!

"कोच, स्वतःचीच सही टांगलीत?"



"छे रे, ती लाइलची. उभ्या जन्मात माझी सही मागणारा तो पहिला माणूस. मग मीही त्याची घेतली."