पाण्याखालचा आवाज

येफिम सावेलिचनी न विचारताच चहाच्या बशीत चेरीचा मुरांबा वाढला आणि मग टेप लावली. झिनाइदा अर्काद्येव्ना साखर घेत नाही, मुरांबा घेते, हे त्यांना ठाऊक होतं. तिने मात्र त्यांना आज पहिल्यांदाच पाहिलं होतं.

सोव्हिएत संघ मोडणार, मोडणार म्हणून जगभर पैजा लागल्या होत्या. तो काही मोडला नाही. सुधारणा झाल्या, दुकानांत लोणी दिसू लागलं, परदेशी जायला परवानगी मिळू लागली. नव्या शतकात तर सरकार इतकं मोकळं झालं की, घराघरांतून चोरून टिपलेले आवाज ज्याचे त्याला परत द्यायला लागलं. लेनिनग्रादमध्ये हे काम निवृत्त ऐकणाऱ्यांकडेच सोपवलं होतं. घर माहीत असलेला माणूस बरा, असा त्यामागचा विचार. आमच्याकडे विचार नेहमी चांगलाच असतो.

झिनाइदाला फक्त नवऱ्याचा आवाज हवा होता. ग्लेब गेला तेव्हा त्यांची तोन्या पाळण्यात होती. गेल्या हिवाळ्यात ती सहज म्हणाली, बाबांचा आवाज कसा होता गं? झिनाइदाने सांगायला तोंड उघडलं आणि तिला तो आठवेना. तेव्हापासून तिला धड झोप लागली नव्हती.

टेपमधून पाण्याचा आवाज आला. नळ धो धो वाहत होता. येफिम सावेलिचनी दुसरी टेप लावली, तिच्यातही पाणीच. तिसरीतही तेच.

ग्लेबच्या बापाला एका विनोदापायी उचलून नेलं होतं. भिंतींना कान असतात म्हणून सगळं शहरच नळ सोडून बोलायचं. पण ग्लेब घरात नळ सोडल्याशिवाय ‘मीठ दे’ एवढंही म्हणत नसे. झिनाइदा त्याला चिडवायची, बोलतोस चिमूटभर आणि नदी वाहवतोस. तिचं ते चिडवणंही पाण्याखालीच गेलं होतं.

“मी वर्षानुवर्षं कान लावून बसलो,” येफिम सावेलिच म्हणाले. “मनात म्हणायचो, बाबा रे, एकदा तरी तो नळ बंद कर. नोकरीसाठी नव्हे हो. माणसाची सवय लागते.”

तिला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

मग ते म्हणाले, या टेपमध्ये एक जागा आहे. त्या दिवशी तुमच्या गल्लीतलं पाणी तोडलं होतं. त्यांनी टेप पुढे नेली.

नळाची कोरडी घरघर ऐकू आली. मग एक पुरुषी आवाज, जरा घोगरा, जरा मिस्कील.

“पाणी नाही. राहू दे, उद्या बोलू.”

त्यानंतर ताटलीवर चमचे वाजत राहिले. दोन माणसं मुकाट्याने जेवत होती. टेप संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

झिनाइदाने तोंडावर हात दाबला. ती रडत होती. येफिम सावेलिचनी न सांगता टेप मागे घेतली आणि पुन्हा लावली. या वेळी तिने वर पाहिलं. ग्लेब बोलत होता आणि त्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

संध्याकाळी घरी आणलेल्या टेपवर तोन्याने स्वयंपाकघरात ते वाक्य ऐकलं. पुन्हा ऐकलं. एवढंच का, असं तिने विचारलं. झिनाइदाने मान डोलावली.

मग तोन्या म्हणाली, आई, मलाही तुला काहीतरी सांगायचंय. ती उठली आणि हाताच्या सवयीने तिने नळ सोडला.

झिनाइदाने तो बंद केला.

“अगं, असं काय करतेस?” तोन्या कुजबुजली. “ऐकणं बंद केलंय म्हणतात. पण भरवसा काय? अजून ऐकत असले तर?”

“ऐकत असले तर मिळवली,” झिनाइदा म्हणाली आणि तिने लेकीची खुर्ची भिंतीपाशी सरकवली. “बस. आता बोल. नीट, मोठ्यानं.”