उसनी कळ

सामना संपत आला होता, गोल कुणाचाच झाला नव्हता, आणि मृदुलाच्या उजव्या मांडीत मागच्या बाजूला पहिली कळ आली. ती मैदानाबाहेर बाकावर बसली होती. धावत होता तो इंद्रजित.

त्याच्या स्नायूत बसवलेल्या धाग्यामुळे त्याचं दुखणं त्याला जाणवत नसे. ते त्याच्यावर उपचार करणाऱ्या मृदुलाच्या पायात उतरे. दुखण्याची धास्ती गेल्यापासून तो वाऱ्यासारखा पळत होता. स्नायू फाटायच्या बेतात आला, की मृदुलाने हात वर करायचा आणि पंचांनी खेळ थांबवायचा, असा नियम होता.

"वहिनी, हात खालीच ठेवा," शेजारी बसलेले प्रशिक्षक आबा म्हणाले. "समोर तुमच्या सासरच्या पेठेचा संघ आहे. आपली पोरं काय म्हणतील?"

इंद्रजितला चेंडू मिळाला. त्याच्यापुढे आता फक्त गोलरक्षक होता. दुसरी कळ गुडघ्यापर्यंत गेली, तशी मृदुलाने हात वर केला.

शिट्टी वाजली. गॅलरीतून शिव्या सुरू झाल्या. इंद्रजित ताडताड चालत बाकापाशी आला.

"मला काय बी झालं नव्हतं, मॅडम. जावा आता, सासरी साखर वाटा."

मृदुला बोलायला म्हणून उठली. उजवा पाय टेकताच ती कोसळली. आबांनी तिला कसंबसं सावरलं.

इंद्रजित तिच्या थरथरणाऱ्या मांडीकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःचा, जराही न दुखणारा पाय जपून जमिनीवरून उचलून धरला.